दवाखान्याच्या जागेत शाळा भरू द्या : वसाहतीतल्या माझ्या माणसांना खुलं पत्र

वसाहतीतले सर्व रहिवासी, दोन्ही मंडळांचे कार्यकर्ते, ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद आणि बचत गटांच्या सगळ्या ताई,

सगळ्यांना नमस्कार.

मी दवाखान्यातली सिस्टर. याच नावानं तुम्ही मला ओळखता, म्हणून तेच लिहिते. १९९१ ते २०१३ अशी बावीस वर्षं मी आपल्या वसाहतीच्या दवाखान्यात काम केलं. आज मंडळांत जी पोरं पुढे असतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या डाव्या दंडावरचा बीसीजी लशीचा व्रण माझ्या हातचा आहे. काहींच्या लेकरांनाही मीच डोस पाजलेत. त्या हक्कानं हे पत्र लिहितेय, आणि ते सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय.

दवाखाना मोठ्या इमारतीत हलला, ते चांगलंच झालं. तिथं रक्त तपासतात, एक्स-रे निघतो, डॉक्टर दोन्ही वेळेला बसतात. मागे राहिली ती आपली जुनी बैठी इमारत. पाच खोल्या, पुढं व्हरांडा, मागं अंगण. आता तिचं काय करायचं यावर रहिवाशांचं म्हणणं मागवलंय. माझ्या माहितीप्रमाणे वसाहतीतून तीन अर्ज गेलेत. एक व्यायामशाळेसाठी, एक कार्यक्रमांच्या हॉलसाठी आणि एक विरंगुळा केंद्रासाठी. तिन्ही अर्जांवर सह्या आपल्याच माणसांच्या आहेत, आणि काही सह्या तर तिन्हीवर आहेत. शाळेसाठी मात्र एकही अर्ज नाही.

माझं मागणं एवढंच आहे की त्या इमारतीत पहिली ते चौथीचे वर्ग भरावेत, आणि त्यासाठी आपण तिन्ही अर्ज मागे घेऊन सगळ्यांनी मिळून एक अर्ज द्यावा. ते का, हे आता सविस्तर सांगते. जरा वेळ काढून वाचा.

शाळा आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, आपल्या पुण्याच्या सातारा रस्त्याच्या पलीकडे. चांगली शाळा आहे, शिक्षक मन लावून शिकवतात. कायद्याच्या हिशोबानंही ती जवळच आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलांना तीन किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे असं लिहिलंय. आपल्या मारुतीच्या देवळापासून मोजलं तर ती शाळा किलोमीटरच्या आत येते. कागदावर आपली सोय झालेली आहे.

आता ते अंतर चालून बघा. मागच्या जूनमध्ये, शाळा उघडल्या त्या आठवड्यात, मी गल्लीतल्या तीन मुलांबरोबर गेले. दुसरीतली एक मुलगी, तिचा पहिलीतला भाऊ आणि शेजारचा एक चौथीतला मुलगा. पाऊस नुकताच थांबला होता. रस्त्याच्या कडेला आलो. आधी स्वारगेटकडे जाणाऱ्या गाड्या. त्या ओलांडल्या की बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, मग बसथांब्याचा कठडा, परत मार्गिका, आणि त्यानंतर कात्रजकडे जाणाऱ्या गाड्या. स्वारगेट–कात्रज बीआरटी २००६ च्या अखेरीस सुरू झाली तेव्हा आपणच किती खूश होतो, बस लवकर येते म्हणून. रस्ता एका हिरव्या दिव्यात आम्हाला पार करता आला नाही. मध्ये थांबलो. तेवढ्यात त्या मुलीनं भावाला मागं ओढलं आणि मला म्हणाली, “आजी, कान देऊ नका, नुसतं बघा. नवीन बसचा आवाजच येत नाही.” विजेवरच्या बस. त्या आल्या की इंजिन ऐकू येत नाही, हे त्या सात वर्षांच्या पोरीनं स्वतःच शोधून काढलं होतं, आणि ती ते भावाला शिकवत होती. शाळेत पोहोचेपर्यंत पहिलीतल्या पोराचा हात घामानं भिजला होता. त्यानं माझा अंगठा शेवटपर्यंत सोडला नाही.

पादचारी पूल पुढच्या चौकात आहे, हे मला माहीत आहे. पाठीवर दप्तर घेतलेली पोरं तिथपर्यंत जाऊन, पूल चढून-उतरून परत मागं येत नाहीत. मोठी माणसं तरी कुठं जातात?

या मुलांना सोडायला आई-वडील का येत नाहीत, असं मला एका बाईंनी विचारलं. त्या वसाहतीतल्या नाहीत, म्हणून त्यांना माहीत नव्हतं. आपल्याकडची निम्मी पुरुषमंडळी पहाटेच मार्केट यार्डात गेलेली असतात. बायका सातच्या आत सहकारनगरच्या बंगल्यांत आणि बिबवेवाडीच्या सोसायट्यांत पोळ्याला, धुण्याभांड्याला पोहोचतात. पूर्वी सकाळची शाळा असायची तेव्हा आई जाता जाता पोराला सोडून पुढं जायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं ठरवलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. लेकरांची झोप व्हावी म्हणून हा निर्णय झाला आणि परिचारिका म्हणून मला तो पटतो. त्या वयात झोप कमी पडली की भूक मंदावते, चिडचिड वाढते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. पण आपल्या घरांत त्यामुळं सकाळी सात ते नऊ असे दोन तास उघडे पडले. आई कामावर, शाळा बंद, आणि नऊ वाजता त्या रस्त्यावरून पोराला नेणारं कुणी नाही. मग मोठी बहीण धाकट्याला नेते. ती आजारी पडली तर दोघंही घरी. धाकट्याला ताप आला तरी दोघंही घरी, कारण त्याच्याजवळ तिनंच बसायचं असतं. आई कामावर खाडा करू शकत नाही.

मी बावीस वर्षं केसपेपर लिहिले. कोणत्या घरातली मुलगी चौथीनंतर दिसेनाशी झाली, हे मला शाळेच्या आधी कळायचं. सकाळी अकरा वाजता कडेवर पोर घेऊन औषधाला येणारी मुलगी शाळेत नाही, एवढं त्यातून समजायचं.

औषधावरून आठवलं. आपल्या दवाखान्यात औषधाच्या पुडीवर मी पेनानं सूर्य आणि चंद्र काढायची. सकाळी घ्यायची गोळी असेल तर सूर्य, रात्रीची असेल तर चंद्र, दोन्ही वेळेची असेल तर दोन्ही. सुरुवातीला मी नीट मराठीत लिहून द्यायची. मग एकदा एक तरुण आई तापाचं पातळ औषध घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी झोपाळलेलं, गळून गेलेलं मूल घेऊन परत आली. बाटलीवरचं वाचता न आल्यानं तिनं झाकणाऐवजी मोठ्या चमच्यानं औषध पाजलं होतं. मूल वाचलं. त्या दिवसापासून मी सूर्य-चंद्र काढू लागले, आणि झाकणावर लाल रेघ मारून ‘इथपर्यंतच’ असं बोटानं दाखवू लागले. ती आई याच वसाहतीत वाढली होती. तिसरीपर्यंत गेली होती ती, त्याच रस्त्यापलीकडच्या शाळेत. आज तिची नात पाच वर्षांची आहे.

आता इमारतीबद्दल. तिचा कोपरा न् कोपरा मला पाठ आहे, म्हणून तिच्यातल्या अडचणीही मीच सांगते.

नोंदणीची खोली, औषधांची खोली आणि लसीकरणाची खोली या तीन मोठ्या आहेत. तिथं वर्ग बसतील. डॉक्टरांची खोली आणि इंजेक्शनची खोली वर्गासाठी लहान पडतील. एक मुख्याध्यापकांना बसायला आणि सामान ठेवायला, दुसरी पुस्तकांना. शिक्षण हक्काच्या कायद्यात प्रत्येक शिक्षकाला एक वर्गखोली, कार्यालय-नि-कोठार अशी एक खोली, मुला-मुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, जेवण शिजवायची जागा, खेळाची जागा, कुंपण, आणि चाकाची खुर्ची जाईल असा उतार एवढं मागितलंय. उतार आपल्याकडे आहे, रुग्णांना स्ट्रेचरवरून आणायला केलेला. पाण्याची टाकी आहे. स्वच्छतागृह एकच आहे, आणखी एक बांधावं लागेल आणि दोन्हीकडची बेसिनं खाली आणावी लागतील. लसीकरणाच्या खोलीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं मी उंचीची पट्टी रंगवली होती, ती अजून तशीच आहे. सहा वर्षांचं मूल तिथं ११५ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. नळ, खुंट्या, फळा किती उंचीवर लावायचा, ते त्या पट्टीजवळ पोर उभं करून ठरवता येईल. तुळईला वजनकाट्याचा हुकही तसाच आहे. झोळीत घालून तिथं मी तुमची वजनं केलीत.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. मागच्या अंगणात बदामाच्या झाडाजवळ, कंपाउंडच्या भिंतीला लागून, सिमेंटचा एक बुजवलेला खड्डा आहे. वापरलेल्या सुया आणि फुटलेल्या काचा आम्ही त्यात टाकायचो. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये आले. त्याआधी छोट्या दवाखान्यांत अशीच पद्धत होती. वरून माती पडल्यानं तो आता दिसत नाही. ते अंगण मुलांना खेळायला देण्याआधी तो खड्डा जाणकारांकडून उघडून, रिकामा करून, कायमचा बंद करायला हवा. जागा मी स्वतः उभी राहून दाखवीन. हे काम होईपर्यंत तिथं एकही मूल पाऊल ठेवणार नाही, ही अट अर्जात घालायची आहे. व्यायामशाळा झाली किंवा हॉल झाला तरी हे करावं लागेलच, तेव्हा कुणीही अर्ज करा, पण हे विसरू नका.

इमारत तीस वर्षांच्या पुढची आहे, त्यामुळं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, कायद्यानंच करावं लागतं. अग्निशमन दलाचा दाखला लागेल. औषधांच्या खोलीच्या छताला एका कोपऱ्यात ओल आहे, तिथलं प्लास्टर सुटलंय. ऑडिटमध्ये इमारत नापास झाली तर मी स्वतः म्हणेन की मुलांना तिथं बसवू नका. पण माझा अंदाज आहे की ती पास होईल, आणि त्याला कारण आहे २०१९.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आपल्यातलं कुणी विसरलेलं नाही. आंबिल ओढा रस्ता सोडून घरात आला होता. वीज गेलेली, अंधारात भांडी वाहत जाताना एकमेकांवर आपटत होती, तो आवाज मला अजून ऐकू येतो. तेव्हा दवाखाना हलून गेलेला होता आणि इमारतीला कुलूप होतं. आपल्याच पोरांनी दगडानं ते कुलूप तोडलं. पाणी तिसऱ्या पायरीला लागलं आणि तिथंच थांबलं, कारण बांधणाऱ्यानं चौथरा उंच केला होता. पहाटेपर्यंत खालच्या दोन गल्ल्या तिथं होत्या. इंजेक्शनच्या खोलीत एक आठवडाभराची बाळंतीण होती. फडकं ओलं होतं म्हणून एका आजींनी स्वतःचा पदर फाडून बाळाला गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी नवीन कुलूप लागलं आणि त्यानंतर आजवर ती इमारत वसाहतीच्या कामाला आली नाही.

माझ्या सासूबाई त्या रात्री तिथं बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली, तेव्हा त्या नारायण पेठेतून नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडल्या. पुढचे कितीतरी दिवस त्यांनी एका शाळेच्या वर्गात काढले. चार कुटुंबं मिळून एक वर्ग. फळ्यावर कुणा मुलाचं अर्धवट सोडवलेलं भागाकाराचं गणित होतं, ते कुणीही पुसलं नाही, असं त्या सांगायच्या. मग पुण्यात ठिकठिकाणी पूरग्रस्तांसाठी अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट उभ्या राहिल्या, वसाहती वसल्या, त्यांतलीच एक आपली. आपल्या घरांचा जन्मच अशा शाळेतल्या मुक्कामातून झालाय. सासूबाईंना जाऊन आता तीन वर्षं झाली. हे पत्र त्यांनी ऐकलं असतं तर मला आणखी चार गोष्टी घालायला लावल्या असत्या.

आता तुमच्या अर्जांकडे येते.

मंडळाच्या पोरांनो, व्यायामशाळेची तुमची मागणी खोटी नाही. तुम्हाला जागा हवी आहे, आणि संध्याकाळी रिकामं बसण्यापेक्षा ती बरी, हे मीच तुमच्या आयांना सांगत आलेय. शिवाय तुमच्या पथकाचे ढोल-ताशे सध्या त्याच इमारतीच्या व्हरांड्यात ताडपत्रीखाली आहेत, हेही मला ठाऊक आहे. ढोल ठेवायला समोरच्या मैदानाच्या कडेला पत्र्याची खोली मागू या, तो अर्ज मी तुमच्याबरोबर करते. व्यायामाला तुम्ही सायकलवर दोन किलोमीटर जाऊ शकता. सहा वर्षांच्या पोराला तसं जाता येत नाही. यापलीकडे माझ्याकडे वेगळं काही सांगायला नाही. तुमच्यातले जे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात, त्यांना संध्याकाळी सहानंतर दोन खोल्या अभ्यासिकेसाठी मिळाव्यात असं अर्जात घालता येईल. बाकं तीच, दिवे तेच.

हॉलला माझा साफ विरोध आहे. हॉल झाला की लग्नं, बारशी, वाढदिवस, रात्रीची जेवणावळ, आणि सकाळी खरकट्याचे ढीग. चार दिवस भाडं येतं, पाचव्या दिवशी ते कुणाकडे जातं यावरून भांडणं होतात. शाळा आणि हॉल एकत्र करू, असंही एक जण म्हणाले. नको. दहीभाताच्या द्रोणांमध्ये सोमवारी पहिलीचा वर्ग भरवायचा का?

ज्येष्ठांना मी माझ्याच वयाची म्हणून विनवते. काका, मावशी, विरंगुळा आपल्यालाही हवा. पण आपल्यातल्या कितीजणांची नातवंडं त्या रस्त्यावरून जातात? शाळा इथं आली तर सकाळी नऊला नातवाला सोडायला आपण जाऊ शकतो. मुलं चालत जातील आणि आपणही चालू. संध्याकाळी व्हरांडा आपलाच आहे.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी तो मला विचारला आणि मला दोन दिवस झोप लागली नाही. ते म्हणाले, “बाई, पट कमी म्हणून शाळा बंद पडतायत, एकमेकींत मिसळल्या जातायत, आणि तुम्ही नवीन शाळा कसली मागताय?” ते बरोबर आहेत. नवीन शाळा मागितली तर मान्यता, मुख्याध्यापकाचं पद, शिक्षकांची पदं यातच दहा वर्षं जातील. म्हणून मी म्हणते, नवीन शाळा मागू नये. रस्त्यापलीकडच्या शाळेचे पहिली ते चौथीचे वर्ग, फक्त आपल्या बाजूच्या मुलांपुरते, इथं भरवावेत. शाळा तीच, मुख्याध्यापक तेच, हजेरीपट तोच. पाचवीला मूल दहा वर्षांचं होतं, मग ते रस्ता ओलांडून पलीकडे जाईल. कायद्यात प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार असा हिशोब आहे. आपल्याकडे तीन वर्गखोल्या आहेत. एक खोली दोन इयत्तांना मिळून चालेल, किंवा पहिल्या वर्षी तिसरीपर्यंतच सुरू करावं. म्हणजे मोजून तीन शिक्षकांचा प्रश्न आहे.

पट मात्र आपल्या हातात आहे, आणि इथं मला थोडं कडू बोलावं लागणार. आपल्यातले बरेच जण पोटाला चिमटा घेऊन लेकरांना इंग्रजी माध्यमात घालतात. व्हॅनचे पैसे वेगळे, गणवेशाचे वेगळे, दिवाळीनंतर फी थकते आणि मार्चमध्ये पोराचा निकाल अडतो. पंचवीस टक्के राखीव जागांची सोडत कुणाला लागते, कुणाला नाही. मी कुणाला नावं ठेवत नाही, आपलं मूल मागं राहू नये असं प्रत्येकाला वाटतं. पण पहिलीतलं मूल घरी जे बोलतं त्याच भाषेत आधी वाचायला शिकलं तर पुढं इंग्रजी त्याला सोपं जातं, हे मी माझ्या दोन मुलांमध्ये पाहिलं. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून अशी सेमीची सोय मागू या. पुढची सगळी मागणी त्यासाठीच करू. फक्त अर्जावर सही करायची आणि जूनमध्ये पोराला व्हॅनमध्ये बसवायचं, असं करू नका. मग तो गुरुजींचा प्रश्न खरा ठरेल आणि दोन वर्षांत ती खोली पुन्हा कुलपात जाईल.

बचत गटांच्या तायांनो, दुपारच्या जेवणाचंही बघा. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेत मिळणाऱ्या जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असावीत असं प्रमाण ठरलेलं आहे. ज्या दिवशी रस्त्याच्या भीतीनं मूल घरी राहतं, त्या दिवशी ते यालाही मुकतं, आणि घरात दुपारी चहा-बिस्किटावर राहतं. वजनकाट्यावर मला हे दिसायचं. मे महिन्यात, शाळा बंद असताना, काही मुलांचं वजन जागेवर थांबायचं. शिवाय शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच लागतात आणि एकूण निम्म्या बायका. तुम्ही त्यात बसायचं आहे. खिचडीत डाळ किती पडते हे तुम्हाला कुणी शिकवायला नको.

कुणी म्हणेल, दवाखान्याच्या जागेत शाळा कशी चालेल, जागा ज्या कामाची त्याच कामाला हवी. हे शहर पुणे आहे, एवढंच मी म्हणेन. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेतल्या भिड्यांच्या वाड्यात. तो वाडा काही शाळेसाठी बांधला नव्हता. आणि ज्या सावित्रीबाईंनी तिथं शिकवलं, त्याच १८९७ च्या प्लेगात मुलाबरोबर रुग्णांची सेवा करत होत्या. १० मार्चला त्यांना त्या प्लेगानंच नेलं. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून मी त्यांचा फोटो औषधांच्या खोलीत लावला होता. त्याची चौकट अजून माझ्याकडे आहे आणि खिळा त्या भिंतीत आहे.

कागदपत्रांचं जेवढं मला कळलं तेवढं सांगते. शहराच्या विकास आराखड्यात त्या जागेवर दवाखान्याचं आरक्षण असेल, तर ते बदलायला १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम ३७ आहे. त्यात नोटीस निघते, महिनाभर हरकती आणि सूचना मागवतात, मग शासनाची मंजुरी लागते. त्या महिन्यात आपल्याच लोकांच्या तीन तऱ्हेच्या हरकती गेल्या तर काम अडकलं म्हणून समजा. महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये जी कर्तव्यं बंधनकारक म्हणून दिलीत, त्यांत प्राथमिक शाळांना जागा पुरवणं आहे. तेव्हा आपण कुणाकडे उपकार मागत नाही. पण एका आवाजात मागायला हवं.

मी वहीत मुलांची यादी करतेय. तीन ते दहा वर्षांचं प्रत्येक मूल, नाव, जन्मतारीख, सध्या कुठं जातं, कुठंच जात नसेल तर तेही. तीन गल्ल्या राहिल्यात : पिठाच्या गिरणीची, पाण्याच्या टाकीमागची आणि ओढ्याकडची. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, त्या तीन गल्ल्यांसाठी मला दोन मुली हव्यात, लिहिता-वाचता येणाऱ्या. ज्यांचे जन्मदाखले २०१९ च्या पाण्यात गेले, त्यांनी लाजू नये. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्काच्या कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. आणि तुमच्यातल्या बऱ्याच लेकरांच्या लसींच्या तारखा माझ्या जुन्या वह्यांमध्ये अजून सापडतील.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी इमारतीच्या पायऱ्यांवर बसलेली असेन. व्यायामशाळा, हॉल आणि विरंगुळा केंद्र या तिन्ही अर्जांवर ज्यांनी पहिली सही केली, त्या तिघांनी नक्की यावं. जे काही बोलायचं ते तोंडावर बोलू. खोल्यांची मापं अर्जाला जोडायची आहेत, तेव्हा ज्याच्याकडे गवंड्याची टेप असेल त्यानं ती आणावी. आणि नातवंडांना बरोबर घेऊन या. उंचीच्या पट्टीजवळ त्यांना उभं करून बघायचंय.

तुमची,
दवाखान्यातली सिस्टर